पाणी उतरेपर्यंत

जून संपत आला की मला फोन यायला लागतात. "तुम्ही ताम्हिणीकडे नेहमी जाता ना, या शनिवारी आम्ही दहा-बारा जण निघालोय, कुठल्या धबधब्यावर जाऊ?" विचारणारे कधी सोसायटीतले असतात, कधी मुलीच्या ऑफिसातले. धबधब्याचं नाव सांगण्याआधी मी विचारते, परत कधी यायचंय? उत्तर तयारच असतं. पाचला निघायचं, सातला घरी, आठला कुणाचा तरी वाढदिवस. कुणाला रात्रीची गाडी पकडायची असते. असं काही कानावर आलं की मी सांगते, मग मुळशीच्या तळ्यापर्यंतच जा; ओढ्या-धबधब्यांच्या वाटेला त्या दिवशी जाऊ नका. लोकांचा विरस होतो, तरी सांगते. कारण फुगलेल्या ओढ्यात माणूस पाय घालतो तो बहुतेक वेळा उशीर होतोय म्हणून. हे मी ओढ्याच्या काठावर बसून माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

आम्ही शाळेतल्या मैत्रिणी, आता पन्नाशी ओलांडलेल्या. कुणाची मुलं परदेशात, कुणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सगळ्यांना जमेल अशी तारीख निघायलाच महिने जातात. त्या वर्षी न्यू जर्सीची मैत्रीण आईच्या आजारपणासाठी आली होती. ती परत जायच्या आधी एक रात्र तरी सगळ्यांनी एकत्र काढायची, म्हणून मुळशी ठरलं. मुद्दाम आठवड्याच्या मधले वार घेतले. शनिवार-रविवारी चांदणी चौकातून निघालेली गाडी भूगाव, पिरंगुट, पौड करत रांगतच जाते आणि पुढे वळणावळणावर डिक्या उघड्या टाकून गाणी लावलेली असतात. मधल्या वारी रस्ता मोकळा होता. तळ्याच्या बाजूला एका ओळखीच्या घरी उतरलो. आवणीचे दिवस होते. गुडघाभर चिखलात बायका ओळीने वाकून भाताची रोपं लावत होत्या. पाठीवर पूर्वी इरलं असायचं, तिथे आता निळं-पिवळं प्लॅस्टिक. बांधावरून कुणी रोपांच्या जुड्या फेकत होतं, त्या पाण्यात पडल्या की बायका न बघता हात मागे करून उचलत होत्या. मुळशीच्या पावसात याहून देखणं काही नाही असं माझं मत आहे, आणि ते एकही ओढा न ओलांडता, रस्त्याच्या कडेला उभं राहून बघता येतं.

मैत्रिणीचं विमान दुसऱ्या दिवशी रात्री मुंबईहून. दुपारी तीनला निघालं की वेळेत पोचता येईल असा हिशोब होता. सकाळी धो धो पाऊस लागला होता. हवामान खात्याचा इशारा पाहिला, तो पिवळा होता. अकराच्या सुमारास उघडीप झाली, ढगांतून ऊन आलं आणि घरात कुणाला बसवेना. ताम्हिणीच्या बाजूला निघालो. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव छापलं की पुढच्या रविवारी तिथे शंभर गाड्या लागतात. रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि पायवाटेने खाली उतरलो. ओढा घोटाभर पाण्याचा, तळातले खडे दिसावेत इतका निवळ. पलीकडे रुंद कातळ, तिथून समोरचा धबधबा पुरता दिसतो. चौघी पलीकडे गेलो. गुडघे दुखणाऱ्या दोघी आणि त्यांच्या सोबतीला एक, अशा तिघी अलीकडेच थांबल्या.

ओढ्याच्या मधोमध एक बसका काळा दगड होता. त्याच्यावर पाय ठेवूनच आम्ही आलो होतो. डबे उघडले तेव्हा माझं तोंड त्या दगडाकडे होतं, म्हणून पुढचं सगळं मला क्रमाने आठवतं. आधी आवाज बदलला. इतका वेळ नुसती खळखळ होती, तिच्याखाली एक जाड घरघर ऐकू यायला लागली. मग वाळकी पानं, काटक्या आणि फेस यांचा एक पट्टा वाहत आला. निवळ पाणी बघता बघता तांबूस गढूळ झालं. दगडाची कड बुडाली, त्याच्या माथ्यावरून पाण्याची एक पातळ चादर गेली, आणि "अगं, दगड बघा" म्हणेपर्यंत दगड दिसेनासा झाला होता. आमच्या डोक्यावर त्या घटकेला पाऊस नव्हता. ऊनच होतं.

वरच्या खाचरातून एक आजी ओरडत बांधापर्यंत धावत आल्या. "ओ ताई! हिकडं येऊ नका! वर डोंगराला लई ओतलंय. वर सरका, त्या कातळावर वर!" आम्ही पिशव्या उचलल्या आणि वर सरकलो. पाव तासात ओढा कमरेइतका झाला. तळातून दगड गडगडत जात होते. त्यांचा हादरा कातळावर बसलेल्या अंगाला जाणवत होता.

पुण्यात राहणाऱ्याला हे पटकन खरं वाटत नाही, कारण त्याच्या अंगवळणी पडलेला पाऊस वेगळा आहे. पुण्याला वर्षभरात सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर नोंदला गेला; पुण्याचा पाऊण वर्षाचा पाऊस एका दिवसात. दोन्हींत अंतर आहे ते पन्नास-साठ किलोमीटरचं. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या कड्यांना भिडतात, सरळ वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. तिथून पूर्वेला पौडपर्यंत आलं की जोर झपाट्याने कमी होतो आणि शहरात पोचेपर्यंत रिपरिप उरते. कोथरूडच्या गॅलरीत उभं राहून ताम्हिणीच्या पावसाचा अंदाज करता येत नाही तो यामुळे.

माथ्यावरच्या सड्यावर माती थोडी, खाली काळा पाषाण. जुलैच्या मध्यापर्यंत ती माती पाणी पिऊन गच्च झालेली असते. त्यानंतर पडणाऱ्या सरीतलं काही जिरत नाही, सगळं लगेच ओढ्याला लागतं. म्हणजे आपण ज्या ओढ्याकाठी बसतो त्याचं पाणी आपल्या डोक्यावरच्या आभाळाचं नसतंच. ते दोन-तीन किलोमीटर वरच्या सड्याचं असतं, जो आपल्याला झाडीमुळे आणि धुक्यामुळे दिसत नाही. इथल्या मोठ्या पाण्याचीही तीच गत. मुळा नदीवर टाटांनी बांधलेल्या धरणाने मुळशीचं तळं झालं. ज्यांच्या जमिनी त्यात जाणार होत्या त्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला, तो हाच मुलूख. मुळा मुळात पूर्वेला पुण्याकडे वाहणारी. पण तळ्यातलं पाणी वीज करण्यासाठी पश्चिमेला, सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवतात आणि पुढे ते कुंडलिकेत जातं. कोलाडला सकाळी राफ्टिंग चालतं ते या सोडलेल्या पाण्यावर. ऊन पडलेलं असतानाही कुंडलिका भरते, कारण वर यंत्रं चालू झालेली असतात. धरण भरल्यावर मुळेच्या पात्रात विसर्ग सुरू झाला की खालच्या अंगालाही तसंच होतं. म्हणून पात्रात सतरंजी टाकून बसलेली मंडळी दिसली की मी गाडी थांबवून सांगते. कुणी ऐकतं, कुणी हसतं.

तीन वाजायला आले तशी न्यू जर्सीची मैत्रीण उठून काठाशी गेली. "कमरेइतकंच आहे. हात धरून साखळी करू या. मला निघायलाच हवं." ती अविचारी नाही. आमच्या सगळ्यांत हिशेबी तीच. पण आजारी आईचा निरोप झालेला, रजा संपलेली, तिकडे सोमवारी कामावर हजर व्हायचं. तिच्या जागी कुणाच्याही पायाला ओढ लागली असती. आमच्यातली एक डॉक्टर आहे, तिने तिचा दंड धरला आणि सोडला नाही. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो, हे तिने शांतपणे सांगितलं. पण पटलं ते पलीकडून आजी ओरडल्या तेव्हा: "ह्याच वढ्यातनं आमची म्हस गेली. म्हस!" मैत्रीण खाली बसली.

बसल्यावर तिने एक हकीगत सांगितली. काही वर्षांपूर्वी ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर कॅरेबियन समुद्रात क्रूझवर गेली होती. जहाज सकाळी एका बेटाला लागतं, लोक दिवसभर हिंडतात आणि ठरलेल्या वेळेच्या आत परत चढावं लागतं. जहाज कंपनीच्याच सहलीतून गेलेल्यांसाठी सहसा थांबतं, स्वतःची टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही. डोमिनिका हे डोंगराळ, दाट जंगलाचं बेट. तिथे ट्रॅफल्गारच्या धबधब्यावर जायला या सगळ्या टॅक्सी करून निघाल्या आणि पावसाने गाठलं. अर्ध्या वाटेत ड्रायव्हरने गाडी वळवली. भाडं परत देतो म्हणाला, पण पुढे जाणार नाही. सगळ्या त्याच्यावर चिडल्या. परत येऊन धक्क्यावरच्या एका टपरीत चार तास पाऊस बघत बसल्या. "त्या माणसाला आमच्यापेक्षा ती नदी माहीत होती," ती म्हणाली. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. पुन्हा पाऊस सुरू झाला होता आणि अंगात थंडी भरायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एकमेकींना खेटून बसवलं, ओल्या ओढण्या काढून पिळायला लावल्या आणि पिशवीतल्या गुळाच्या चिक्क्या वाटल्या. एरवी मला चिक्की आवडत नाही.

पाच वाजता पाणी गुडघ्यावर आलं. काठाच्या गवताला अडकलेल्या पानांची रेघ आता वीतभर वर राहिली होती, त्यावरून ते उतरतंय हे दिसत होतं. आजींचा मुलगा बांबूची उंच काठी घेऊन आला. आम्ही आलो त्या अरुंद जागेवरून त्याने आम्हाला नेलं नाही. वरच्या अंगाला ओढा जिथे पसरट होतो तिथे नेलं. पात्र रुंद तिथे पाणी उथळ आणि वेगही कमी. पाठीवरच्या पिशव्यांचे पट्टे सोडायला लावले. तोंड प्रवाहाकडे, पाऊल आडवं, काठी आधी टेकायची आणि मग पाय उचलायचा. एकेकीला नेताना तो स्वतः खालच्या अंगाला उभा राहायचा. घाटात एक झाड आडवं पडलेलं होतं, त्यात आणखी तास गेला. विमान गेलं. दुसऱ्या तिकिटाचे पैसे भरावे लागले, चार दिवस उशीर झाला. आईला तेवढे चार दिवस लेक जास्त मिळाली.

आम्ही सुखरूप आलो ते त्या दोन माणसांमुळे. सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात चार मुलं. त्याचं चित्रण साऱ्या देशाने पाहिलं. प्रवाहाच्या मधल्या दगडावर ती माणसं एकमेकांना घट्ट धरून उभी होती आणि पाणी चढत होतं. ते पाहून अनेकांनी त्यांना नावं ठेवली. मला तसं करवत नाही. ते तिथे उतरले तेव्हा पाणी चढलेलं नव्हतं, एवढं मला पक्कं माहीत आहे, कारण आम्हीही निवळ पाण्यातूनच पलीकडे गेलो होतो. त्याच सुमारास ताम्हिणीच्या प्लस व्हॅलीत एका धडधाकट माणसाने कुंडात उडी घेतली. काठ हाताला लागला, पण धरता आला नाही. नंतर जिल्हाधिकाऱ्यांनी मुळशी, मावळ आणि इतर तालुक्यांतल्या अशा जागांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. हल्ली दर पावसाळ्यात कुठे ना कुठे ते निघतात. रायगडच्या बाजूला भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्यावरही बंदी येते. बंदी आहे म्हणून आडवाटेने जाणारे मला भेटतात. त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की वाट दाखवणारा गावकरीही त्या दिवशी तिकडे फिरकत नाही, त्यामुळे हाक ऐकायलाही कुणी नसतं.

आता माझ्या अनुभवावरून काही गोष्टी. निघण्याआधी इशारा बघताना पुणे शहराचा बघू नका. हवामान खातं पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं, तो बघा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पडला की तो 'जोरदार', ११५.६ च्या पुढे 'अति जोरदार' आणि २०४.५ च्या पुढे 'अत्यंत जोरदार' धरतात. नारिंगी किंवा लाल असेल तर घाटात जायचंच नाही, यावर चर्चा नको. पिवळ्यावर विसंबून राहू नका, कारण इशारे दिवसात बदलतात. आम्ही गेलो त्या दिवशी दुपारी तो बदलला होता, पण तळ्याच्या पुढे बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तो आमच्यापर्यंत पोचणार कसा? त्यामुळे पुढे निघण्याआधी, रेंज असलेल्या शेवटच्या गावात गाडी थांबवून पुन्हा एकदा बघायचा. आदल्या दिवशीचा आकडाही बघावा. तो सकाळी साडेआठला मोजलेला असतो. काल दीड-दोनशे मिलिमीटर पडला असेल, तर आज कितीही ऊन असो, सडा भरलेला आहे आणि ओढे तयार आहेत.

ओढा ओलांडायचा की नाही याचा माझा आता एकच नियम आहे: पलीकडे रात्र काढायची तयारी असेल तरच ओलांडायचा. म्हणजे जवळजवळ कधीच नाही. धबधबा अलीकडून दिसतो तेवढा बघायचा. अंधारबनासारख्या वाटेवर तर ओढे एकामागून एक येतात. मुळशीच्या पिंप्रीतून निघून खाली भिऱ्याला उतरेपर्यंत मध्ये कुठे गाडीरस्ता नाही, आणि दुसरा ओढा ओलांडल्यावर पाणी फुगलं की पुढेही जाता येत नाही आणि मागेही. अशा ठिकाणी भर पावसाळ्यात जाणत्या गटाशिवाय जाऊ नये, आणि वाट माहीत असलेला माणूस "आज नको" म्हणाला तर पैसे परत मागत बसू नये.

काठावर बसलात तर एक दगड खूण म्हणून धरून ठेवा आणि कुणा एकाचं लक्ष त्याच्यावर असू द्या. आवाज जाड झाला, पानं-काटक्या वाहत आल्या, पाणी गढूळलं, यातलं एक जरी झालं तरी डबे, चपला, मोबाइल न बघता वर चढायचं. सामान गोळा करण्यात दोन मिनिटं जातात आणि तेवढीच हातात असतात. वेगाने वाहणारं अर्धा फूट पाणी माणसाचा तोल घालवतं, एक फूट पाणी लहान गाडी ढकलतं, दोन फुटांत मोठीही जाते. म्हणून मोरीवरून, बुडालेल्या पुलावरून गाडी घालायची नाही. पुढची एसटी गेली म्हणून आपणही जाऊ, हे तर अजिबात नाही. गर्दीने भरलेल्या जुन्या पुलावरही उभं राहू नका. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चार माणसं गेली, ती रविवारी पाणी बघायलाच आलेली होती.

अडकलात तर सगळ्यांनी एका बाजूला राहावं. आमच्या तिघी अलीकडे होत्या हे आमचं भाग्य, कारण त्यांच्यातली एक गाडी काढून पुढे गेली आणि रेंज मिळाल्यावर घरी कळवून आली. पण एरवी अर्धे इकडे अर्धे तिकडे झाले की कुणीतरी कुणासाठी तरी पाण्यात उतरतं. साखळी करू नका. एक घसरला की सगळे ओढले जातात. कमरेला दोर बांधून तर मुळीच उतरू नका, कारण पडलेल्या माणसाला ताणलेला दोर पाण्याखाली दाबून धरतो. पाण्यापासून वर सरका, पण दरडीखाली आणि एकट्या उंच झाडाखाली नको. शिट्टी जवळ ठेवा, धबधब्याच्या आवाजात हाक पोचत नाही, शिट्टी पोचते. डोंगरातल्या ओढ्यांची एक गोष्ट चांगली आहे: ते जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर, वरचा पाऊस थांबला की काही तासांत उतरतात. तोवर अंगातली ऊब टिकवणं एवढंच काम. जीन्स ओली झाली की वाळत नाही आणि जड होते, ती घालू नका. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बरोबर घ्या. गाडीत ठेवलेले पलीकडून दिसतात फक्त. आणि दुर्दैवाने कुणी वाहून जायला लागलंच तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, तळवे पुढे. उभं राहायची धडपड केली की पाय दगडांत अडकतो.

पाण्याइतकीच भीती दरडीची. २५ जुलै २०२४ च्या त्याच पावसात मुळशीतल्या आदरवाडीत दरड कोसळून एकाचा जीव गेला. घाटात गाडी कड्याला चिकटवून उभी करून भजी खात बसतात, ते थांबवायला हवं. वरून बारीक खडे येत असतील, कड्यातून एरवी निवळ येणारी धार गढूळ येत असेल, झाडं कलंडलेली दिसत असतील, तर तिथून निघायचं.

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. डोंगरात माणसं शोधायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं जातात, तीही आपापली कामं सोडून, रात्री-अपरात्री, पदरमोड करून. त्यांच्या आधी पोचतात ते गावातले लोक. आजींच्या मुलाचा आवणीच्या दिवसातला अर्धा दिवस आमच्यापायी बुडाला होता. मजुरी म्हणून पैसे दिले ते त्याने संकोचून घेतले. द्यायलाच हवेत. आणि वाटेत भेटलेला गावकरी "फुडं जाऊ नका" म्हणाला, तर तो आपली मजा घालवायला सांगत नाही, हे तरुण मुलांना घरून निघतानाच बजावून सांगा.

परदेशातून आलेल्यांसाठी वेगळं: परतीच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी घाटाच्या बाजूला जाऊच नका. सुट्टीच्या सुरुवातीला जा. इतरांनी जिथे जाताय तिथे एका रात्रीच्या मुक्कामाची सोय आधीच विचारून ठेवावी, औषधं दोन दिवसांची घ्यावीत. आणि घरी निरोप ठेवताना "सातपर्यंत येतो" असं सांगू नये. कुठल्या गावाच्या बाजूला जातोय, गाडी कुठली आहे, बरोबर कोण आहे ते लिहून द्यावं, आणि सांगावं: रात्री आलो नाही तर मुक्काम केला असं समजा, सकाळी दहापर्यंत फोन आला नाही, तर ११२ ला कळवा.